बांध कोरणारा खर्ज

शेतीच्या भांडणांत 'बांध कोरणे' असा एक खास शब्दप्रयोग आहे. शेजारी एका रात्रीत कुणाचे शेत बळकावीत नाही. दरसाल नांगरट करताना तो बांधाची वीतभर माती आपल्याकडे ओढतो आणि दहा वर्षांनी मोजणी झाली की गुंठा-दोन गुंठे कमी भरतात. घरोघर आलेल्या होम थिएटरमधील सबवूफर सध्या नेमके हेच करीत आहे, असे आमचे मत आहे. त्याच्या वाट्याची जमीन खर्जाची. पण बांध कोरत कोरत तो माणसाच्या बोलण्याच्या रानात शिरला आहे. हा बांध कोठे घालायचा हे ठरविण्याची सोय त्याच यंत्रात असते; तिला क्रॉसओव्हर म्हणतात. ती सोय आपण दुकानदाराच्या किंवा जोडणी करायला आलेल्या पोराच्या मर्जीवर सोडून देतो.

कथा-कवितेची चर्चा सोडून आम्ही यंत्राच्या कळांकडे का वळलो, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. बोललेली मराठी आज बहुसंख्य घरांत पडद्यावरूनच ऐकली जाते. बोलीतला हेल, वाक्याच्या शेवटी पडणारा आवाज, 'चार' आणि 'चारा' यांतल्या दोन 'च'मधला फरक (पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य), 'ल' आणि 'ळ' यांच्या वेळी जिभेने घेतलेले निरनिराळे वळण, हे सारे आम्ही वर्गात फळ्यावर खडूने दाखवितो. वास्तविक ते कानाने शिकायचे असते. चांगल्या मराठी चित्रपटात ते मिळते. घरी मात्र प्रेक्षक तक्रार करतात की हल्लीचे नट पुटपुटतात. काही नट पुटपुटतात, हे खरेच. परंतु पुष्कळदा दोष नटाच्या तोंडाचा नसून बैठकीच्या कोपऱ्यातल्या काळ्या पेटीचा असतो.

यंत्राची रचना थोडक्यात सांगतो. 5.1 या मांडणीत पाच स्पीकर आणि एक सबवूफर असतो. स्पीकरचा पडदा तीन-चार इंचांचा असेल तर खोल स्वरांसाठी लागणारी हवा त्याला हलविता येत नाही. ते काम मोठ्या पडद्याच्या सबवूफरकडे जाते. क्रॉसओव्हर 80 हर्ट्झवर ठेवला, याचा अर्थ त्याखालचे स्वर सबवूफरकडे आणि वरचे स्पीकरकडे अशी वाटणी केली. मात्र ही वाटणी भिंत घालून केलेली नसते. बांधाला दोन्ही बाजूंनी उतार असतो, तसाच इथेही असतो. सबवूफरच्या बाजूचा उतार सामान्यतः एका सप्तकाला 24 डेसिबलचा. म्हणजे 80 वर बांध घातला, तर 160 हर्ट्झचा स्वर सबवूफरमधून पूर्ण नाहीसा होत नाही, 24 डेसिबलने खाली जातो. हा उतार ध्यानात न घेतल्यामुळेच पुढचे सगळे घोटाळे होतात.

आपल्या कानाला ही वाटणी नवी नाही. तबल्याची जोडी म्हणजे लाकूड, धातू आणि चामडे यांत बांधलेला क्रॉसओव्हरच होय. उजवा तबला स्वरात मिळविलेला, नेमका. डाव्या डग्ग्याकडे खर्ज आणि घुमारा. गोंधळ्याच्या संबळातही दोन तोंडे, एक चढे आणि एक ढाले. ढोल-ताशाचेही तेच. या प्रत्येक जोडीत खालच्या वाद्याला एक मर्यादा पाळावी लागते. वरच्याचे बोल झाकायचे नाहीत. डग्गा अंगावर आला की श्रोते वादकाला 'खोल वाजवतो' म्हणून दाद देत नाहीत, 'हात जड आहे' म्हणतात. यंत्राच्या बाबतीत हा विवेक आपण का सोडला, हे आम्हाला कोडेच आहे.

तानपुऱ्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकमध्ये धरला, तर जोडाच्या तारा सुमारे 138 हर्ट्झवर, मंद्र पंचम 104 च्या आसपास आणि खर्जाची तार 69 वर येते. म्हणजे 80 चा बांध घातला, तर तो बरोबर खर्जाची तार आणि बाकीच्या तीन तारा यांच्यामधून जातो. बांध 150 वर नेला, तर चारही तारांचे मूळ स्वर सबवूफरच्या हद्दीत गेले. जवारीतून उमटणारे वरचे स्वर समोरच्या स्पीकरमधून आणि तारेचे मूळ अंग मागच्या कोपऱ्यातून, असा तानपुरा मग ऐकू येऊ लागतो. गायक पडद्यावर समोर बसलेला असतो. त्याचे वाद्य अर्धे समोर आणि अर्धे सोफ्यामागे.

80 हा आकडा आकाशातून पडलेला नाही. इतक्या खोल स्वराची दिशा कानाला ओळखता येत नाही. उन्हाळ्यात घरातल्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 350 मीटर धरला, तर 80 हर्ट्झची एक लाट चौदा फुटांहून थोडी लांब भरते. दोन कानांमधले अंतर जेमतेम वीतभर. एवढी मोठी लाट दोन्ही कानांवर जवळजवळ सारखीच येते, म्हणून ती कोणत्या कोपऱ्यातून आली हे कळत नाही. डोळ्यांना जिथे पडदा दिसतो तिथूनच ती आली असे मन मानते. लुकासफिल्ममध्ये जन्मलेल्या टीएचएक्सने घरगुती संचांसाठी 80 हर्ट्झ हेच प्रमाण धरले. हद्द जसजशी वर न्यावी तसतशी पेटी आपली जागा सांगू लागते.

या आकड्याला आमच्या लेखी आणखी एक मोल आहे. पुरुषांच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारणपणे 85 ते 180 हर्ट्झ आणि स्त्रियांचा 165 ते 255 हर्ट्झ यांच्या दरम्यान असतो. म्हणजे 80 चा बांध माणसाच्या आवाजाच्या नेमका पायाशी येतो. त्याच्याखाली मेघगर्जना, रेल्वे, ढोल, स्फोट आणि खर्ज, त्याच्यावर माणूस. क्रॉसओव्हर 200 वर ठेवणे म्हणजे पुरुषपात्राचा आवाज उभा चिरणे होय. त्याची व्यंजने पडद्यापाशी राहतात आणि छातीतला आवाज दुसरीकडूनच येतो. शिवाय जाड खर्ज आपल्या वरच्या स्वरांना झाकतो, हा श्रवणाचा जुना, सिद्ध झालेला नियम आहे. शब्द ऐकू येतो, पण कळत नाही. मग हात रिमोटकडे जातो, आवाज वाढतो, आणि आवाजाबरोबर खर्जही वाढतो. बांध आणखी वीतभर सरकला!

आता प्रत्यक्ष मांडणीकडे येऊ. पहिला अडसर तांत्रिक नाही, मानाचा आहे. रिसीव्हर स्पीकरचे 'लार्ज' आणि 'स्मॉल' असे दोनच वर्ग करतो. पुरुषभर उंचीचे, महागाचे टॉवर स्पीकर घेतलेल्या गृहस्थाला आपल्या स्पीकरला यंत्राने 'स्मॉल' म्हटलेले रुचत नाही. पण या शब्दांचा आकाराशी संबंध नाही. 'स्मॉल' म्हणजे याच्या वाट्याचा खर्ज सबवूफरकडे पाठवा, एवढाच हुकूम. 'लार्ज' केले की क्रॉसओव्हरच निकामी होतो आणि सबवूफरच्या वाट्याला केवळ चित्रपटकर्त्याने वेगळा मुद्रित केलेला खर्जपट उरतो. स्पीकर मोठे असले तरी ते 'स्मॉल'च ठेवावेत, हे आमचे ठाम मत आहे. खर्जाचे ओझे उतरले की मोठा स्पीकरही अधिक स्वच्छ बोलतो.

त्या वेगळ्या खर्जपटाविषयी एक खुलासा करायला हवा. 5.1 मधला '.1' तो हाच. त्याची मजल 120 हर्ट्झपर्यंत असते. त्याला लागणारी वरची मर्यादा ही रिसीव्हरमध्ये निराळी नोंद असते, ती 120 वरच असू द्यावी. स्पीकरचा क्रॉसओव्हर 80 करायचा म्हणून हीही 80 करणे म्हणजे दिग्दर्शकाने लिहिलेल्या मजकुराच्या ओळी कापणे. एका पेटीत दोन नाल्यांचे पाणी येते. एकाचा बांध दुसऱ्याला लावू नये.

दुसरी नेहमीची गफलत दुहेरी चाळणीची. सबवूफरच्या पाठीवर क्रॉसओव्हरची एक गोल कळ असते आणि रिसीव्हरमध्ये दुसरी सोय असते. दोन्ही 80 वर ठेवल्या की पीठ दोनदा चाळले जाते आणि हद्दीपाशी स्वरांचा खड्डा पडतो. रिसीव्हर वाटणी करीत असेल, तर पेटीवरची कळ शेवटपर्यंत फिरवून ठेवावी, म्हणजे ती वाटेतून दूर होते. 'एलएफई' लिहिलेली वेगळी जोडणी असेल, तर उत्तमच. याउलट, रिसीव्हर नसलेल्या साध्या संचात ती गोल कळ हेच एकमेव हत्यार असते. मग ती मनगट वळेल तितकी नव्हे, विचारपूर्वक फिरवावी.

स्पीकर लहान असतील तर 80 चा आग्रह धरून चालत नाही. तो स्पीकर जिथपर्यंत खाली उतरतो, त्याच्या दहा-वीस हर्ट्झ वर बांध हवा. नाहीतर मधला पट्टा कोणाच्याच नावावर राहत नाही. समोरच्या जोडीला 80, मधल्याला 100, मागच्या चिमुकल्यांना 120 असे निरनिराळे आकडे अनेक रिसीव्हर स्वीकारतात. स्वयंचलित मापन करणारा माइक असलेला संच कधी 40 सुचवितो. तो आकडा हाताने वाढविण्यास हरकत नाही, मात्र सुचविलेल्यापेक्षा खाली नेऊ नये. साउंडबारबरोबर येणाऱ्या पेटीची हद्द बहुधा कारखान्यातच ठरलेली आणि वरची असते. तिथे एकच उपाय आहे. पेटी सोफ्यामागे न लपविता टीव्हीजवळ ठेवायची. आवाज चिरायचाच असेल, तर दोन्ही तुकडे निदान शेजारी तरी असावेत.

हे सगळे नीट करूनही घर घुमतेच, अशी तक्रार उरते. तिचे कारण क्रॉसओव्हर नसून घर आहे. गारखेड्यात सूतगिरणी चौकापासून पुंडलिकनगरपर्यंत कोणत्याही इमारतीत जा. विटा-सिमेंटच्या भिंती, वर-खाली काँक्रीटचा स्लॅब, पायाखाली गुळगुळीत फरशी. परदेशी पुस्तिकांतला सल्ला बहुधा लाकडी सांगाड्याच्या, पोकळ भिंतींच्या घरांना डोळ्यांपुढे ठेवून दिलेला असतो. तसली भिंत थोडा खर्ज पिते, थोडा बाहेर सोडते. आपली भिंत तो जसाच्या तसा परत करते. दहा बाय पंधराच्या बैठकीत पंधरा फुटांच्या लांबीमुळे 38 हर्ट्झच्या आसपासचा आणि दहा फुटांच्या रुंदीमुळे 57 च्या आसपासचा स्वर साचतो. छतही दहा फुटांवर असले की 57 चा हिशेब दुप्पट होतो. आणि खोलीच दहा बाय दहा असेल, तर तिन्ही बाजू एकाच स्वरावर एकमत करतात. हा एकच स्वर घरभर हुंकारत राहतो आणि लोक त्याला 'बेस छान आहे' म्हणतात.

दगडी वास्तूतला खर्ज आपल्याला ठाऊक आहे. शहरापासून तीसेक किलोमीटरवर वेरुळचे दहावे लेणे, ज्याला सुतार की झोपडी म्हणतात, त्याच्या कमानदार छताला दगडातच लाकडी वाश्यांसारख्या बरगड्या कोरल्या आहेत. तिथे धीम्या लयीत म्हटलेला एखादा स्वर कितीतरी वेळ रेंगाळतो. पण ते दालन मोठे आहे. मोठ्या दालनात साचणारे स्वर पुष्कळ आणि एकमेकांना लागून असतात, त्यामुळे कोणताही एक उठून दिसत नाही. सगळे मिळून गांभीर्य निर्माण करतात. दहा बाय पंधराच्या खोलीत ते मोजकेच आणि दूर दूर असतात. भव्यतेऐवजी भोपळा मिळतो. लेण्याचा नाद घरात आणण्याच्या जाहिराती वाचताना हा फरक विसरू नये.

साचलेला 57 चा स्वर 80 च्या खालीच आहे. तेव्हा हद्द आणखी खाली आणून तो जायचा नाही. पेटी कोपऱ्यातून हलविली तर फरक पडतो, कारण कोपरा सगळ्या साचणाऱ्या स्वरांना एकदम चेतवितो. जागा शोधण्याची एक जुनी युक्ती आहे. पेटी आपल्या बसण्याच्या जागी ठेवावी, खर्जाचा एखादा तुकडा लावावा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत जावे. जिथे स्वर सम आणि नेमका ऐकू येतो तिथे पेटी ठेवावी. पंचेचाळिशीच्या प्राध्यापकाने फरशीवर रांगणे घरातल्यांना करमणुकीचे वाटते, पण उपाय गुणकारी आहे.

तुकडा कोणता लावावा? स्फोट आणि गाड्यांचे पाठलाग यांनी काहीच कळत नाही; खरा स्फोट कसा ऐकू येतो हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? डग्गा कसा वाजतो हे मात्र आपल्याला पक्के ठाऊक आहे. तबल्याचे एकलवादन लावावे आणि तळहाताच्या दाबाने सरकत जाणारा डग्ग्याचा घुमारा ऐकावा. तो या हद्दीच्या आसपासच वर-खाली फिरतो. मध्येच तो फुगला, खचला किंवा जागा बदलून दुसऱ्या कोपऱ्यातून आला, तर वाटणीत खोट आहे. सबवूफरवर 0 आणि 180 अशी फेजची कळ असते. दोन्ही बाजूंना फिरवून ज्या बाजूला घुमारा भरदार आणि सलग येतो ती बाजू ठेवावी. त्यानंतर बोलण्याची परीक्षा.

बोलण्याच्या परीक्षेसाठी आम्ही दोन चित्रपट सुचवू. 62 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा'ला स्थळध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. 'ख्वाडा'त मेंढपाळांची बोली उघड्या माळावर, मेंढरांच्या आणि वाऱ्याच्या आवाजात बोलली जाते. ती तिथेच मुद्रित झालेली असल्यामुळे तिच्यात स्टुडिओतला गुळगुळीतपणा नाही; एक अक्षर निसटले तर निसटले. 'कोर्ट'मध्ये सबवूफरला जवळपास सुट्टीच आहे. न्यायालयाच्या खोलीत कागद, खुर्च्या आणि माणसे. हा चित्रपट पाहताना कोपऱ्यातली पेटी काही बोलू लागली, तर ती न्यायमूर्तींचे किंवा वकिलांचे बोलणे चोरते आहे असे समजावे.

'मग "सैराट"चे काय?' असे आमचे विद्यार्थी विचारतात. प्रश्न योग्य आहे. 2016 च्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत मोठा वाद्यवृंद मुद्रित केला. तो खर्जासकट ऐकायलाच हवा. परंतु बांध खाली ठेवणे म्हणजे खर्ज कमी करणे नव्हे. खर्ज किती असावा आणि तो कुठून सुरू व्हावा, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि सगळा गोंधळ ते एकच समजल्याने होतो. 80 वर बांध घातलेल्या घरात 'झिंगाट' अधिक ठोस वाजते, कारण सबवूफर त्याचे स्वतःचे काम करतो, दुसऱ्याचे नाही. याच चित्रपटाचा शेवट निःशब्द आहे, केवळ निःशब्द नव्हे, आवाजच काढून घेतलेला. ज्या घरात अर्थिंग धड नाही तिथे त्या क्षणी सबवूफरमधून विजेचा 50 हर्ट्झचा गुणगुणाट ऐकू येतो. नागराज मंजुळे यांनी प्रेक्षकासमोर ठेवलेली ती शांतता घरातल्या वायरिंगने भरून काढावी, हे दुःखदच. इलेक्ट्रिशियनला दिलेले पैसे इथे नव्या स्पीकरपेक्षा सार्थकी लागतात.

मराठवाड्यातल्या घराला आणखी एक वाद्य असते, ते म्हणजे कूलर. मार्चअखेरपासून जूनपर्यंत त्याची घरघर सगळ्या संवादांवर पांघरूण घालते. त्यावर मात करण्यासाठी संपूर्ण आवाज चढविणे हा सर्वांत वाईट मार्ग. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. तेवढाच दोन-तीन डेसिबलने वाढवावा. खर्जाला कूलरशी झुंज द्यायची गरज नाही.

आणि शेजारी. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल अशी मर्यादा घातली. पण हे डेसिबल 'ए' मापाने मोजले जातात, आणि त्या मापात 50 हर्ट्झच्या स्वरातून सुमारे 30 डेसिबल वजा होतात. कायद्याच्या यंत्राला जो आवाज सौम्य वाटतो तो स्लॅबमधून उतरून खालच्या घरातल्या आजारी माणसाच्या पलंगाचा लोखंडी गज थरथरवीत असतो. आपल्याकडे हद्दीचा वाद तलाठ्याकडे नेता येतो. खर्जाच्या या अतिक्रमणाचा सातबारा निघत नाही. तेव्हा रात्री दहानंतर पेटीची पातळी आपण होऊन खाली आणणे एवढेच हाती राहते. पातळी खाली आणली की खर्ज कानाला प्रमाणापेक्षा अधिकच पातळ वाटतो. कमी आवाजात कान खोल स्वरांना मंद होतो, हे 1933 मध्येच फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखविले आहे. तेवढे पातळपण सोसावे.

दुकानात जाणाऱ्यांना एकच सुचवितो. तिथे लावलेली परदेशी चित्रफीत बंद करायला सांगावी, आपल्या मोबाइलवरून दोन माणसांच्या साध्या मराठी संभाषणाचा तुकडा लावावा आणि पडद्याकडे पाठ करून ऐकावा. दोन्ही माणसे एकाच जागी उभी राहून बोलत आहेत असे वाटले, तर पुढे किमतीची घासाघीस करायला हरकत नाही.